डॉक्टर रियेची चिंता

आल्बेर काम्यूच्या ‘ला पेस्त’ (१९४७) या कादंबरीतील डॉक्टर रिये हा अविचल कर्तव्यनिष्ठेचा आदर्श मानला जातो. अल्जीरियातील ओरान शहरात प्लेगची साथ पसरते, शहराच्या वेशी बंद होतात आणि रिये महिनोन्महिने रोग्यांची शुश्रूषा करीत राहतो. त्याच्या कर्तव्यनिष्ठेविषयी दुमत संभवत नाही. परंतु तो चिंतामुक्त आहे, हा समज मात्र संहितेस धरून नाही.

साथीच्या प्रारंभीच रियेला आपण भ्यालो आहोत याची जाणीव होते. तो दोनदा गर्दीने भरलेल्या कॅफेत शिरतो. त्याला माणसांची ऊब हवी असते. या भयाचा इतका उघड उच्चार पुढे क्वचितच आढळतो. ते नाहीसे झालेले नसते, त्याने केवळ रूप पालटलेले असते. रियेची आजारी पत्नी दूरच्या आरोग्यधामात आहे. परंतु प्रेयसीच्या विरहाने व्याकुळ झालेल्या रांबेरपाशी तो त्याविषयी अवाक्षर काढीत नाही. रांबेरला ते कळते तारूकडून. पुढे अतिश्रमाने मन सैल झाले असता तो ग्रांजवळ पत्नीविषयी बोलून जातो, आणि त्याचे त्यालाच नवल वाटते. न्यायाधीश ओतों यांचे बालक तडफडून मरण पावते, तेव्हा तो धर्मगुरू पान्लू यांच्यावर उसळतो आणि मागाहून थकव्याचे कारण देऊन क्षमा मागतो. रियेच्या ठायी थकवा हेच चिंतेचे दुसरे नाव होय.

या दृष्टीने कादंबरीचे निवेदनतंत्र अर्थपूर्ण ठरते. आपणच निवेदक आहोत हे रिये अखेरीस उघड करतो. तोवर तो स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषात करतो. साक्षीदाराची तटस्थता राखणे हा त्याचा घोषित हेतू आहे. तो खरा असला तरी अपुरा आहे. स्वतःची व्यथा दूर सारल्यावाचून ज्याला रोग्याच्या खाटेजवळ उभे राहता येत नाही, त्याला ती लिहितानाही दूरच सारावी लागते.

तथापि या चित्रणाला मर्यादा आहेत. चीनमधील ३४ रुग्णालयांतील १२५७ डॉक्टर व परिचारिका यांची पाहणी २०२० च्या जानेवारीअखेरीपासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत झाली. तीत ४४.६ टक्के जणांत चिंतेची लक्षणे आढळली. परिचारिका, स्त्रिया आणि प्रत्यक्ष रुग्णसेवेतील कर्मचारी यांच्यात ती अधिक तीव्र होती. कादंबरीस पाहणीचे माप लावणे अन्यायाचे होईल. पण ‘ला पेस्त’मध्ये एकाही परिचारिकेचे अंतरंग उलगडत नाही, हे नाकारता येत नाही. संसर्ग घरी नेण्याची धास्तीही तीत ओझरतीच येते. आजारी तारूला रिये वृद्ध आई राहते त्या स्वतःच्या घरीच ठेवून घेतो. मैत्रीच्या उदात्ततेत तिच्या जिवाचा धोका झाकला जातो.

म्हणूनच रियेला निर्भय वीर म्हणणे हे केवळ चुकीचे वाचन नव्हे. त्या वाचनाने शुश्रूषा करणाऱ्याची चिंता ही दुर्बलता ठरते. रिये भ्यालेला आहे, आणि भ्यालेला असूनही रोग्याजवळ थांबतो. कादंबरीचे नैतिक बळ नेमके यात आहे.