नारळ फुटल्यानंतर : मध्यवर्ती संस्था आणि गावची शाखा

(कन्हेरी, ता. बारामती येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न घेतले आहेत.)



कन्हेरीत बोलायला उभं राहिलं की मारुतीच्या देवळाचा विषय निघणारच. पवार कुटुंबाच्या निवडणूक प्रचाराचा नारळ वर्षानुवर्षं या मारुतीपुढे फुटत आला आहे. त्या दिवशी अख्खा महाराष्ट्र टीव्हीवर कन्हेरी बघतो. दुसऱ्या दिवशी कॅमेरे गेलेले असतात आणि करवंट्या उचलायला गावातलंच कुणीतरी असतं. मला आज राजकारणावर बोलायचं नाही. पण नारळ फोडणारा आणि करवंट्या उचलणारा, ही जोडी सामाजिक कामातही असते आणि आजचा विषय तोच आहे.

सभा सुरू व्हायच्या आधी इथल्या पाच-सहा मुलामुलींशी बोलणं झालं. देशपातळीवरच्या एका स्वयंसेवी संस्थेची शाखा गावात काढावी असं त्यांच्या मनात आहे. एकाने सरळ विचारलं, "सर, शाखा काढली तर संस्था आम्हाला काय देणार?" प्रश्न रास्त आहे. पण मला वाटतं तो अर्धाच आहे. संस्था काय देते हे बघाच. त्यासोबत हेही बघा, की काय करायचं हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे राहतो आणि संस्था निघून गेल्यावर गावात काय उरतं. या दोन कसोट्यांवर मी आज काही कामं तपासणार आहे. त्यातली काही मला आवडणाऱ्या लोकांची आहेत. तरी तपासणार आहे.

सुरुवात आपल्याच तालुक्यापासून करू. साठच्या दशकात बारामतीच्या जिरायती भागात पाण्याचे हाल होते. त्या काळात चर्चशी संबंधित ‘कासा’ या मदतसंस्थेकडून धान्य आणि तेल आलं आणि कामाच्या बदल्यात धान्य या पद्धतीने पाझर तलाव खोदले गेले. इथल्या जुन्या मंडळींनी त्या गव्हाच्या गोष्टी ऐकलेल्या असतील. बाहेरच्या संस्थेने काय दिलं? पोटाला धान्य. तलाव कुठे घ्यायचा, माणसं कशी जमवायची, हे इथल्या लोकांनी बघितलं. पुढे १९७१च्या सुमारास कृषी विकास प्रतिष्ठान उभं राहिलं आणि पाण्याच्या कामाला शेतीच्या शिक्षणाची जोड मिळाली. धान्य संपलं तरी संस्था राहिली, आणि ती इथली होती. आता त्या संस्थेत सगळ्यांचा आवाज सारखा होता का, मजुराचा किती आणि पुढाऱ्याचा किती, हा प्रश्न विचारता येईल आणि विचारावा. पण आपल्या दुसऱ्या कसोटीवर, म्हणजे मागे काय उरलं या प्रश्नावर, हे उदाहरण उतरतं.

आता अलीकडचं घेऊ, पाणी फाउंडेशन. २०१६ साली आमिर खान, किरण राव, सत्यजित भटकळ आणि साताऱ्याचे दातांचे डॉक्टर अविनाश पोळ यांनी हे काम सुरू केलं. पहिल्या वर्षी तीन तालुके होते : वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव. गावं ११६. दुसऱ्या वर्षी तीस तालुके, तिसऱ्या वर्षी पंचाहत्तर. एप्रिल-मे महिन्यांतले पंचेचाळीस दिवस, भर उन्हात श्रमदान. वेळू, काकडदरा, टाकेवाडी, सुर्डी ही गावं पहिली आली आणि घराघरात पोचली.

या कामाचं मला सगळ्यात पटलेलं अंग म्हणजे प्रशिक्षण. गावातून माणसं निवडायची, त्यात बायाही हव्यात, आणि त्यांना निवासी शिबिरात पाणलोटाचं शास्त्र शिकवायचं. उतार कसा मोजायचा, समतल चर कुठे घ्यायचा, माथ्यापासून पायथ्याकडे का यायचं. संस्थेने इंजिनिअर पाठवून काम करून दिलं असतं तर गावात फक्त चर राहिले असते. इथे चर आखणारी बाई गावात राहिली. मध्यवर्ती संस्थेने स्थानिक गटाला द्यायची याहून मोठी गोष्ट मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट यंत्रांची. भारतीय जैन संघटना ही १९८५ पासून काम करणारी, पुण्यात मुख्यालय असलेली संस्था. देशात ठिकठिकाणी तिचे स्वयंसेवक आहेत. लातूर-किल्लारीच्या १९९३च्या भूकंपानंतर शेकडो मुलांना पुण्यात आणून शिकवणारी संस्था, ही ओळख तुम्हाला असेल. वॉटर कपच्या गावांना त्यांनी पोकलेन, जेसीबी पुरवले. डिझेलला सरकारने हात दिला. पण गावाने आधी श्रमदान करायचं आणि मग यंत्र यायचं, असा क्रम ठेवला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. यंत्र आधी आलं की गाव कडेला उभं राहून व्हिडिओ काढतं. घाम आधी गळला असेल तर तेच यंत्र आपल्या कामाला आलेलं वाटतं.

आता उणी बाजू. एक, स्पर्धा. स्पर्धेने गाव पेटतं, यात शंका नाही. पण वरच्या गावाने पाणी अडवलं तर खालच्या गावाचं काय, हा पाणलोटातला खरा प्रश्न. स्पर्धेत ही दोन गावं एकमेकांची प्रतिस्पर्धी होतात. पाण्याला गावाची शीव कळत नाही, गुणपत्रिकेला मात्र कळते. दोन, मुदत. बावीस मेला हिशेब बंद होतो. चर गाळाने भरणं, बांध फुटणं, आणि पाणी दिसल्यावर कुणीतरी ऊस लावणं, हे सगळं त्यानंतर होतं. बारामती-इंदापूरच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पाणी अडवायला सगळे येतात. पाणी मोजून वापरायचं म्हटलं की बैठकीला चार माणसं येतात. वॉटर कपचे गुण बरेचसे अडवण्याला होते. वाटपाला गुण देणं अवघड, कारण त्यात गावातलं भांडण उघडं पडतं.

हे फक्त मी म्हणतो असं नाही. संस्थेच्या स्वतःच्या पुढच्या पावलांवरूनही तसंच दिसतं. २०१९ नंतर वॉटर कप थांबला. समृद्ध गाव स्पर्धा आली, तिचा काळ पंचेचाळीस दिवसांपेक्षा कितीतरी लांब होता आणि पाण्याचा ताळेबंद, माती, गवत हे विषय आले. मग फार्मर कप आला, त्यात अख्ख्या गावाऐवजी शेतकऱ्यांचा गट हा घटक धरला. म्हणजे दिलेला आधार अपुरा होता हे ओळखून त्याचा आकार बदलला. मी याला मोठेपणा म्हणतो. तरी पहिली कसोटी उरतेच. स्पर्धा कधी, विषय कोणता, नियम काय, हे वरून ठरलं. गाव खेळलं जोरात, पण खेळ गावाने ठरवला नव्हता.

आता याच्या उलट टोकाचं उदाहरण घेतो, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती. १९८९ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली. ती राज्यापुरती संघटना आहे, पण शाखा कशा जगतात हे शिकायला तिच्याइतकं चांगलं उदाहरण सापडणं कठीण. इथे केंद्राकडे देण्यासारखा पैसा फारसा नव्हताच. केंद्राने दिलं काय? एक चतुःसूत्री : शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध, वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार, धर्माची विधायक चिकित्सा आणि व्यापक समाजसुधारणेशी नातं. चमत्कार करून दाखवण्याचं आणि उलगडण्याचं प्रशिक्षण. आणि एक मासिक, वार्तापत्र. बाकी शाखेने आपलं बघायचं.

यातून काय झालं ते बघा. नाशिकच्या कार्यकर्त्यांपुढे २०१३ साली जातपंचायतीच्या जाचाचा प्रश्न एका खुनाच्या रूपाने आला. त्यांनी तो हातात घेतला, केंद्राने उचलून धरला, ‘जातपंचायतीला मूठमाती’ अशी राज्यभर मोहीम झाली. तीन वर्षांत विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला. बायकांच्या केसांतली जट सोडवण्याचं काम घ्या. ते परिपत्रकाने होत नाही. एका बाईजवळ तासन् तास बसणारी, तिची भीती ऐकून घेणारी कार्यकर्ती लागते. अशा कामाला वेग, आकडा, बक्षीस लागू पडत नाही. शाखेला मोकळीक होती म्हणून ते झालं.

आणि मग २० ऑगस्ट २०१३. पुण्यात पुलावर दाभोलकरांचा खून झाला. त्याच आठवड्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. मला इथे दुसरी गोष्ट सांगायची आहे. ज्या संघटनेचा चेहराच गेला ती बंद पडायला हवी होती. पडली नाही. कार्यकर्ते दर महिन्याच्या वीस तारखेला त्या पुलावर जमत राहिले. शाळांमधले कार्यक्रम चालू राहिले. कारण शाखांना रोज वरून चावी द्यावी लागत नव्हती.

पण आरती ओवाळायला मी आलेलो नाही. या पद्धतीची किंमतही आहे. केंद्र काही देत नाही म्हटल्यावर शाखा कोणाच्या जिवावर चालते? एखाद्या शिक्षकाच्या, बँकेत नोकरी असलेल्या एखाद्याच्या. ज्याला पगार आहे, रविवार आहे, स्वतःची मोटारसायकल आहे, त्याच्या. शेतमजूर बाई शाखेची कार्याध्यक्ष होत नाही, कारण तिला बैठकीला यायचा एसटीचा खर्च परवडत नाही आणि त्या दिवशीची मजुरी बुडते. ‘आमचे सगळे कार्यकर्ते बिनपगारी’ हे आपण अभिमानाने सांगतो. त्यामुळे कोण कोण आत येऊच शकत नाही, हे सांगत नाही. शिवाय अलीकडच्या वर्षांत याच संघटनेत विश्वस्त कोण आणि संघटना कोणाची यावरून फूट जाहीर झाली. शाखा मोकळ्या असल्या तरी मालकीचा प्रश्न मोकळाच ठेवला तर तो कधीतरी उभा राहतो.

या बिनपगारी कार्यकर्त्याच्या प्रश्नावर महाराष्ट्राने एक देखणं उत्तर शोधलं होतं : सामाजिक कृतज्ञता निधी. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्या कलावंतांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले आणि पैसा उभा केला. त्यातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन सुरू झालं. रक्कम छोटी होती. पण तत्त्व बघा. पैसा प्रकल्पाला न देता माणसाला दिला, त्याने कोणत्या गावात काय करायचं हे त्याच्यावर सोडलं. अहवालाच्या पानांना चिकटलेला पैसा आणि विश्वासाने दिलेला पैसा, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

तो फरक मी भोगला आहे. मी काही वर्षं एका मोठ्या संस्थेच्या तालुका शाखेचा चिटणीस होतो. नाव सांगत नाही, गरजही नाही. सुरुवातीला बारा-पंधरा जण होतो. वाचनालय चालवायचो, दहावीच्या मुलांचे वर्ग घ्यायचो. हळूहळू वरून तक्ते यायला लागले. सदस्य किती, लाभार्थी किती, बॅनरसह फोटो किती. एकदा वर्गात सहाच मुलं होती, म्हणून फोटोपुरती शेजारच्या वर्गातली मुलं आणून बसवली. मी बसवली. त्यातली एक मुलगी फोटो झाल्यावर विचारते, "सर, आम्हाला पण शिकवणार का आता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या वर्षी आमची शाखा उत्कृष्ट ठरली. दोन वर्षांनी बंद पडली. चूक सगळी वरच्यांची नव्हती. त्यांनी आकडा मागितला. खोटा आकडा आम्ही दिला.

म्हणून तुम्हा मुलामुलींना माझं सांगणं, शाखा जरूर काढा. एकट्या गावाला सगळं जमत नाही. शास्त्र, कायदा, ओळख, संकटात पाठीशी उभं राहणं, हे मोठ्या संस्थेकडूनच मिळतं. पण अर्जावर सही करण्याआधी त्यांना तीन गोष्टी विचारा. न विचारता आम्ही कोणते निर्णय घेऊ शकतो? वर्गणीतला आणि देणगीतला किती पैसा गावात राहील? आणि आमचं काम फसलं तर ते खरं सांगण्याची जागा तुमच्या तक्त्यात आहे का? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस गप्प झाला, तर थोडं थांबा.

नारळ कुणाच्याही हातून फुटू दे, करवंट्या तुम्हालाच उचलायच्या आहेत. तेव्हा नारळ कधी आणि कशासाठी फोडायचा, हे विचारायचा हक्कही तुमचा आहे.

प्रश्न : आकडेच मागू नयेत असं तुमचं म्हणणं आहे का? मग देणगीदाराला हिशेब कसा द्यायचा?

उत्तर : नाही ताई, पैशाचा हिशेब पै-पैचा द्यायलाच हवा. माझा आक्षेप कामाचा आकडा वरून ठरवण्याला आहे. विहिरीची पाणीपातळी गावाने दर महिन्याला मोजली तर तो आकडा गावाच्याच कामाचा. आधी तो गावाच्या फळ्यावर लिहा, मग वर पाठवा. फळ्यावर खोटं लिहिता येत नाही, शेजारी वाचतो.

प्रश्न : मग कोणाशीच न जोडता स्वतंत्र मंडळ काढलेलं बरं नाही का?

उत्तर : चालेल की. पण मंडळातही एक ‘केंद्र’ तयार होतंच, बहुतेक वेळा अध्यक्षाच्या घरात. हेच तीन प्रश्न मग त्याला विचारावे लागतील, आणि तो तर तुमचा चुलताच असेल. ते जास्त अवघड. (हशा)