त्रूव्हिलची वाळू

लंडनच्या नॅशनल गॅलरीत क्लोद मोनेचं एक लहानसं तैलचित्र आहे, 'त्रूव्हिलचा किनारा'. उंची जेमतेम ३८ सेंटिमीटर, रुंदी साधारण ४६. १८७० च्या उन्हाळ्यातलं. नुकतंच लग्न झालेली बायको कामीय आणि छोटा ज्याँ यांना घेऊन मोने नॉर्मंडीच्या त्या किनाऱ्यावर राहिला होता. या चित्राच्या रंगात खरीखुरी वाळू सापडली, शिंपल्यांचे बारीक तुकडेही. चित्रकार तिथंच उघड्यावर बसला होता, याचा पुरावा रंगानंच जपून ठेवला.

ही हकिगत सांगितली की ऐकणारा खूश होतो आणि चित्र पाहायचं राहूनच जातं. म्हणून वाळू जरा बाजूला ठेवू.

डावीकडे पांढऱ्या पोशाखातली, छत्री धरलेली कामीय. उजवीकडे काळ्या कपड्यांतली, मान खाली घालून वाचणारी दुसरी बाई. ती मोनेला उघड्यावर रंगवायला शिकवणाऱ्या बूदँची पत्नी असावी, असं मानतात. दोघींच्या मधे एक रिकामी खुर्ची. चित्राचा मध्यच रिकामा ठेवायचा, हे धाडसच म्हणायचं. खुर्चीवर काहीतरी लटकलंय, लहान मुलाचा बूट असेल. मूल कुठं दिसत नाही, पण ते आत्ताच पळालंय हे कळतं.

आता कामीयचा चेहरा पाहा. नाकडोळे जवळपास नाहीतच. छत्रीची सावली चेहऱ्यावर पडली आणि मोनेनं ती चारदोन फटकाऱ्यांत उतरवून हात काढून घेतला. पोशाखाचा पांढराही सुकायची वाट न पाहता ओढलेला, ब्रशचे केस उमटलेले. आकाशातले ढग तर पुसल्यासारखे. खालचा फिकट राखाडी लेप मधूनमधून उघडाच आहे. तो झाकायचा राहिला असं वाटत नाही, तोच उजेडाचं काम करतो.

वाईच्या घाटावर जलरंग घेऊन बसणाऱ्या आम्हा हौशी मंडळींनाही त्या वाळूसारखे अपघात ठाऊक असतात. ओल्या वॉशवर पावसाचा एक थेंब पडतो, रंग फुलून कडेला दातेरी रेघ उठते. तिचं आम्ही झाड करतो, आणि घरी आल्यावर ते मुद्दाम काढलं होतं असं सांगतो! पण त्यात आमचा मोठेपणा काही नाही. जलरंगात दुरुस्तीला वावच नसतो, पदरी पडलं ते पवित्र. तैलरंगाचं तसं नाही. सुरीनं खरवडा, पुन्हा लावा, हवं तितकं घोटा. मोनेच्या हाती ती सोय होती. त्याच्या मागच्या पिढीचे बरेच चित्रकार बाहेर फक्त टिपण करत आणि चित्र स्टुडिओत निगुतीनं पूर्ण करत. यानं टिपणावरच थांबायचं ठरवलं. वाळू वाऱ्यानं आणली खरी, पण चेहरा अर्धा सोडायचा निर्णय मोनेचा होता, आणि मला तोच मोठा वाटतो.

जुलैत फ्रान्स आणि प्रशियात युद्ध पेटलं होतं. चित्रात त्याची कुणकुणही नाही. शरद ऋतूत मोने लंडनला निघून गेला; पुढं हे चित्रही त्याच शहरात पोचलं. कधी तिकडं गेलात तर चार पावलांवरून आधी कामीयचा चेहरा पाहा. वाळू मग शोधा.