दारातला हत्ती आणि रीलमध्ये न दिसणारा चारा

‘त्यांच्या दारात हत्ती झुलत होते’ असं आपण श्रीमंत घराबद्दल बोलतो. या वाक्प्रचारात हत्ती आहे, दार आहे आणि झुलणं आहे. माहूत नाही, रोजचा चारा नाही, हत्ती आजारी पडला तर बोलवायचा वैद्य नाही. श्रीमंतीचं वर्णन करताना खर्चाची बाजू गाळायची सवय आपल्या भाषेला जुनी आहे. मोबाइलवर जुन्या लक्झरी एसयूव्ही विकणाऱ्या रील्स बघताना मला हा वाक्प्रचार हटकून आठवतो.

या रील्स तुमच्याही समोर आल्या असतील. एकीवर चार सेकंद जास्त थांबलात की पुढचे पंधरा दिवस तेच येत राहतं. त्यांची रचना जवळपास ठरलेली असते. आधी हेडलाइट पेटतात. मग दार बंद होतानाचा भारदस्त ‘धप्प’ आवाज. मग सनरूफ सरकतं आणि कॅमेरा त्यातून आकाशाकडे जातो. लेदरच्या सीटवरून एक हात फिरतो. शेवटी किंमत येते: नवीन असताना ऐंशी लाख, आज फक्त बारा लाख, हॅचबॅकच्या पैशात घेऊन जा. खाली फोन नंबर. हे सगळं तीस-चाळीस सेकंदांत आटपतं. विक्री झालीच तर दुसरी रील येते: लाल कापड ओढलं जातं, हार घातला जातो, नारळ फुटतो, चाक लिंबावरून जातं.

एक कथाप्रकार म्हणून याकडे बघितलं तर तो जुन्या हिंदी सिनेमासारखा आहे. लग्न लागलं की ‘समाप्त’. संसार कसा झाला, हे दाखवायची पद्धत नाही. माझी या प्रकाराबद्दलची तक्रार त्यातल्या भपक्याबद्दल नाही. भपका हा जाहिरातीचा धर्मच आहे. तक्रार अशी की, या गोष्टीतला खरा नाट्यमय भाग जिथे सुरू होतो तिथे ती संपते.

मी पूर्ण्याचा. ठाण्याहून भिवंडीला येताना कशेळी आणि काल्हेरनंतर लागतं ते पूर्णा. तुम्ही ऑनलाइन काहीही मागवलंत की ट्रॅकिंगमध्ये कधीतरी ‘भिवंडी’ दिसतं ना, त्यातल्या पुष्कळ वस्तू आमच्या आसपासच्या गोदामांतून निघतात. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि तरीही मुंबईला चिकटून, म्हणून गोदामं इथे आली. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. आज जिथे कंटेनर उभे असतात तिथे पूर्वी भातशेती होती. ती शेती आमच्या आगरी घरांची होती. आणि या जमिनींच्या पैशातून दारात आलेल्या मोठ्या गाड्या हा महाराष्ट्राच्या विनोदाचा आवडता विषय आहे.

त्या विनोदाचं नाव ‘गुंठामंत्री’. गळ्यात साखळी, पांढरे बूट, मोठी गाडी आणि नंबरप्लेटवर ‘दादा’. हा विनोद आणि विक्रीची रील एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. एकात कौतुक आहे, दुसऱ्यात टिंगल. पण दोघांची नजर एकाच क्षणावर खिळलेली असते: खरेदीच्या. रील म्हणते, बघा, मिळाली. विनोद म्हणतो, बघा, माजला. सहा वर्षांनी त्या गाडीचं आणि त्या माणसाचं काय झालं, हे दोघंही विचारत नाहीत. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) या सिनेमाने निदान जमीन गेल्यानंतरच्या घराकडे बघितलं, पण तिथेही गोष्ट गुन्हेगारीच्या वाटेने गेली. जमीन गेली आणि पोरगा गुंड झाला नाही, फक्त दर चार महिन्यांनी गॅरेजमध्ये उभा राहिला, याची गोष्ट कुणी सांगितलेली नाही. आमच्याकडे तशी घरं जास्त आहेत.

बातम्यांचंही तेच. २०१० साली औरंगाबादेत मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या, ही बातमी देशभर गाजली. तिचं मोल मला मान्य आहे. दिल्ली-मुंबईबाहेरही पैसा आणि हौस आहे, हे कंपन्यांना तेव्हा कळलं. पण तो खरेदीचा दिवस होता. गाडी पंधरा वर्षांची झाली की फेरनोंदणीसाठी आरटीओत न्यावी लागते. खाजगी कारसाठी या फेरनोंदणीचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं. वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून १०,००० रुपये. ते भरायला रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्यात कुणी हार घालत नाही.

माझ्या मामाकडे २०१२ ची एक जर्मन एसयूव्ही आहे. २०१९ मध्ये त्याने ती जुनीच घेतली. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही, कारण जे सांगतोय ते त्या वयाच्या आणि त्या वर्गाच्या बहुतेक गाड्यांना लागू आहे. गाडीची फाईल माझ्याकडे असते, कारण घरात ऑनलाइन फॉर्म भरणारा मी. त्यामुळे रीलमध्ये दिसणाऱ्या प्रत्येक दृश्याची दुसरी बाजू मला बिलांच्या रूपात माहीत आहे.

सनरूफ घ्या, रीलचा नायक. त्याच्या चौकटीच्या कोपऱ्यांत बारीक नळ्या असतात. छतावर पडलेलं पावसाचं पाणी या नळ्यांतून, खांबांच्या आतून खाली उतरून गाडीबाहेर जातं. नळ्या धुळीने तुंबल्या की पाणी आत उतरतं, गालिच्याखाली साचतं आणि तिथे वायरिंग किंवा एखादं इलेक्ट्रॉनिक युनिट असेल तर त्याचा निकाल लागतो. आमच्या रस्त्यावर वर मेट्रो-५ चं काम, खाली कंटेनर. धूळ बारा महिने. वर्षातून दोनदा नळ्या साफ करणं हे काम फार खर्चाचं नाही, पण ते करायचं असतं हे सनरूफ दाखवणाऱ्या एकाही माणसाने सांगितलेलं मी ऐकलं नाही.

मग ती गाडीची ऐटदार उंची. अशा बऱ्याच गाड्यांत स्प्रिंगऐवजी हवा भरलेले रबरी फुगे असतात. मेकॅनिक त्यांना बलून म्हणतात. रबराला वय असतं. आठ-दहा वर्षांत त्याला चिरा पडतात, हवा झिरपते आणि रात्री ताठ उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली असते. ती हवा भरून काढायला कॉम्प्रेसर सतत चालत राहतो आणि शेवटी तोही जळतो. म्हणजे फुग्याचं काम पुढे ढकललं की त्याला कॉम्प्रेसर जोडून येतो. मामाच्या गाडीचं हेच झालं. तो पार्ट ऑनलाइन मागवला तेव्हा ट्रॅकिंगवर तीन दिवस ‘भिवंडी’ दिसत होतं. पार्ट बहुधा घरापासून दोन-तीन किलोमीटरवर पडून होता आणि गाडी दारात बसली होती.

गिअरबॉक्सचंही तसंच. अनेक कंपन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाला ‘आयुष्यभराचं’ म्हणत आल्या. असे गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीतली झेडएफ कंपनी मात्र साधारण ८० हजार ते सव्वा लाख किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. ‘आयुष्यभर’ म्हणजे कुणाचं आयुष्य, हा प्रश्न इथे पडतो. पहिल्या मालकाचं बहुधा. दुसऱ्या मालकाच्या वाट्याला येतं ते पुढचं आयुष्य.

विमा यात फारसा मदतीला येत नाही. झीज आणि यांत्रिक बिघाड हे साध्या मोटार विम्यात धरलेलेच नसतात. अपघाताच्या दाव्यात रबर, प्लास्टिक, बॅटरी यांच्या किमतीतून निम्मी रक्कम कापली जाते. पूर्ण भरपाई मिळते ती काचेची. ही कपात टाळणारं ‘झिरो डेप’ कव्हर इतक्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. टायर घेतानाही बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचायला लागतो: २३१४ म्हणजे २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर शिल्लक दिसत असली तरी ते रबर म्हातारं असतं. रीलमधलं चमकदार काळं टायर या बाबतीत काहीच सांगत नाही.

आमचा मेकॅनिक भिवंडीतला एक वयस्कर उस्ताद आहे. पहिल्या मोठ्या बिलाच्या वेळी मामा वैतागला, तेव्हा तो म्हणाला, “दादा, गाडी सस्ती मिली है, सस्ती गाडी नहीं मिली.” रीलच्या शेवटच्या आकड्यावर याहून नेमकी टीका मला करता येणार नाही. ऐंशी लाखांची गाडी बारा लाखांवर येते, तिचे पार्ट मात्र ऐंशी लाखांच्या गाडीचेच राहतात. म्हणून मग कुर्ल्याचा सीएसटी रोड, भंगारात गेलेल्या दुसऱ्या गाडीतून काढलेला पार्ट आणि ‘चालला तर चालला’ ही गॅरंटी.

पण पूर्ण्यात बसून बघताना मला यापुढचं एक दिसतं. गाडी घ्यायला रक्कम लागते; ती सांभाळायला आवक लागते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या गावात त्यांच्यातला फरक घरागणिक डोळ्यांनी दिसतो. काहींनी जमीन राखली, तिच्यावर स्वतः गोदाम बांधलं किंवा ती भाड्याने दिली. त्यांना दर महिन्याला भाडं येतं. त्यांची जुनी एसयूव्ही वेळेवर सर्व्हिस होते आणि जुनी वाटतही नाही. काहींनी जमीन एकरकमी विकली. घर बांधलं, लग्नं केली, उरलेल्यातून गाडी आली. त्यांच्याकडे रक्कम होती, आवक नव्हती. मामा यातला. बाहेरच्या माणसाला दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. गुंठामंत्र्याच्या विनोदाला तर दोन्ही माणसं सारखीच दिसतात. प्रत्यक्षात एका दारात उत्पन्न उभं आहे आणि दुसऱ्या दारात शिल्लक.

मामाला मी दोनदा म्हटलं, विकून टाकू या. तो म्हणाला, “शेत इकला तवा पन सगली असाच बोललीवती.” यावर मी गप्प बसलो. त्याच्या दृष्टीने ती गाडी म्हणजे शेताचा शेवटचा उरलेला तुकडा आहे. फरक इतकाच की, शेताचा भाव त्याने विकल्यानंतरही चढत गेला आणि या तुकड्याचा दरवर्षी उतरतो. हे त्याला कळत नाही असं नाही. त्याला ते माझ्याहून चांगलं कळतं, म्हणूनच तो ती जपतो. पावसाळ्यात खड्डे चुकवायला तो अंजूरफाट्याला जातानाही लांबचा रस्ता धरतो. या माणसाच्या वागण्यात मला माज दिसत नाही.

आणि इथे विनोदाचा दुटप्पीपणा उघडा पडतो. दक्षिण मुंबईत किंवा पुण्याच्या कॅम्पात कुणी तीस वर्षांची मर्सिडीज हौसेने चालती ठेवली तर तो ‘रसिक’, त्याच्यावर पुरवणीत पान येतं. आगरी माणसाने बारा वर्षांची चालती ठेवली तर तो ‘शायनिंग’. दोघंही करतात तेच: बिलं भरतात, पार्ट शोधतात, चांगला मेकॅनिक टिकवतात. सांभाळण्याचं श्रेय कुणाला द्यायचं, हे गाडीवरून ठरत नाही, आडनावावरून आणि पत्त्यावरून ठरतं.

नंबरप्लेटचीही गंमत सांगतो. इंग्रजी आकड्यांतला ४१४१ जरा वळवून लिहिला की ‘दादा’ होतो, २१४ चा ‘राम’, ८०५५ चं ‘बॉस’. हे नियमात कधीच बसत नव्हतं, तरी चालून जायचं. आता एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही सरकारी छापाची हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची झाली. आमच्या गल्लीतल्या एका गाडीचा ‘दादा’ असाच उतरला आणि साधा ४१४१ झाला. गाडी तीच, मालक तोच. आता त्या गाडीकडे बघून कुणी हसत नाही, आणि ती व्यवस्थित चालते हे लोकांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

जुनी लक्झरी एसयूव्ही घेऊच नका, असं मला म्हणायचं नाही. या रील्सनी एक चांगली गोष्ट केली आहे. ज्या शोरूमच्या काचेच्या दारातून आत जायला आमच्या गावातली पोरं बिचकायची, त्या गाड्या त्यांनी फोनवर आणल्या. इंजिनांची नावं, गिअर किती, मॉडेल कधी बदललं, हे त्यांना तोंडपाठ झालं. चांगली बांधलेली गाडी वीस वर्षं चालवणं हे दर पाच वर्षांनी नवी घेण्याहून मला जास्त शहाणपणाचंही वाटतं. पण ते शहाणपण खरेदीत नसतं. दुसऱ्या, तिसऱ्या, सहाव्या वर्षाच्या खर्चाला पुरेल अशी आवक आहे का, या प्रश्नाच्या उत्तरात असतं. आणि हा प्रश्न तीस सेकंदांत विचारला जात नाही, कारण त्याने गाडी विकली जात नाही.

तरी या प्रकारात चांगलं काम करणं अशक्य नाही. दाराच्या ‘धप्प’ आवाजाऐवजी कुणी आधी गाडीची फाईल उघडून दाखवावी: गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं, फुगे कोणत्या वर्षीचे, टायरवरचा शिक्का काय सांगतो, फेरनोंदणी कधी. मग किंमत सांगावी, आणि तिच्या शेजारी गेल्या तीन वर्षांत मालकाने केलेला खर्च. अशी रील करणाऱ्याला मी लगेच फॉलो करेन. तोवर एखादी आवडलीच तर फोन करून किंमत विचारण्याआधी फाईल मागा. समोरचा गडबडला तर रील तिथेच संपली असं समजा.