रुमाल, कोश आणि संगणक

वाङ्मयाच्या आणि इतिहासाच्या संशोधनात संगणकाचा शिरकाव होऊन आता बराच काळ लोटला आहे. त्याचे स्वागत करावे की धास्ती घ्यावी, हा वाद आम्हांस निरर्थक वाटतो. हे साधन आपल्याला काय दाखवते आणि काय झाकून ठेवते, याची परीक्षा करणे अधिक उपयुक्त आहे.

प्रथम लाभाची बाजू. १८५७ सालची मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती, दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आणि शं. गो. तुळपुळे व अॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश हे सर्व ग्रंथ शिकागो विद्यापीठाच्या उपक्रमामुळे आज घरबसल्या चाळता येतात. पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांपासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या सोयीचे मोल अधिक कळते. एक शब्द पाहण्यासाठी प्रवास करण्याचे दिवस संपले. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर वा बेळगाव येथील अभ्यासक या एका बाबतीत तरी पुण्याच्या अभ्यासकाच्या बरोबरीला आला आहे. हे ऋण मोकळ्या मनाने मान्य केलेच पाहिजे.

परंतु शब्द सापडणे निराळे आणि मजकूर वाचणे निराळे. यंत्र अक्षरांशी अक्षरे ताडून पाहते. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम स्वीकारले गेले आणि अनुच्चारित अनुस्वार गळाले. त्यापूर्वीच्या पुस्तकांत 'नाहीं', 'करितां', 'घरें' अशी रूपे आहेत. आजच्या वळणाने 'नाही' असा शोध घेणाऱ्याच्या हाती जुने 'नाहीं' लागेलच, असे नाही. त्यात छापील पान यंत्राने वाचताना 'घ'चा 'ध' झाला, तर 'घर'चे 'धर' होते. दोन्ही शब्द मराठीच असल्यामुळे चूक डोळ्यांत खुपत नाही. अमुक शब्द एका ग्रंथात इतक्या वेळा आला, अशी गणिते मांडून निष्कर्ष काढणारे लेखन अलीकडे वाढले आहे. त्या आकड्यांच्या मुळाशी असे किती 'धर' दडले आहेत, हे आधी विचारावे लागते.

ऐतिहासिक पत्रांत ही अडचण अधिक तीव्र होते. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्या काळच्या पत्रांत मात्र '१७६१' कोठून असणार? तेथे चंद्राची तिथी येते आणि सुहूर सन येतो 'इहिदे सितैन मया व अलफ' अशा अरबी संख्यावाचक शब्दांत, म्हणजे ११६१. आपण ज्यांना अफगाण म्हणतो, त्यांना पत्रलेखक बहुधा 'गिलचे' म्हणतो. सदाशिवराव हे तेथे 'भाऊसाहेब' असतात. म्हणजे यंत्राला योग्य प्रश्न विचारण्यासाठीच त्या काळाची भाषा आधी अवगत असावी लागते. ती नसेल तर शोधाचे उत्तर 'काही आढळले नाही' असे येते आणि अज्ञानाला पुराव्याची प्रतिष्ठा मिळते.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानी येत नाही. बडोदे संस्थानात अनेक वर्षे सेवा केलेल्या गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. ते कार्य डोंगराएवढे आहे; पण ती निवड आहे. ते खंड संगणकावर आले म्हणजे दप्तर संगणकावर आले, असे नव्हे. तेथे शोध घेणारा अभ्यासक सरदेसायांच्या निवडीतच शोध घेत असतो. जे रुमाल उघडले गेले नाहीत, ते या नव्या प्रकाशात उलट अधिकच अंधारात जातात; कारण जे पडद्यावर दिसत नाही ते अस्तित्वातच नाही, अशी सवय मनाला जडते.

आता मोडीचा प्रश्न. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये मोडी लिपीचा समावेश झाला. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या पुढाकाराने मोडी लेखांचे देवनागरीत लिप्यंतर करणारी संगणकीय प्रणाली पुढे आली. तिला शिकवण्यासाठी शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन लेखांच्या दोन हजारांहून थोड्या अधिक प्रतिमा वापरण्यात आल्या. उपक्रम स्तुत्य आहे. मात्र मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत आणि प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे असते. अशा लेखनाचा अर्थ संदर्भावरून लावावा लागतो. यंत्राचे वाचन बरोबर की चूक, हे सांगायला मोडी जाणणारा मनुष्यच हवा. यंत्राला प्रथम शिकवणाराही तोच होता. जाणकार संपले, तर यंत्राची चूक हीच पुढच्या पिढीची संहिता ठरेल.

येथे हा विषय आपल्या दारात येतो. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या पदरी आलेल्या घराण्यांच्या माळ्यांवर आजही सनदा, वतनाचे कागद, जमाखर्च आणि खासगी पत्रे पडून आहेत. त्यांची छायाचित्रे अवश्य काढावीत. परंतु कागद रुमालात ज्या क्रमाने बांधले आहेत तो क्रम न मोडता, आणि कोणता कागद कोणत्या रुमालातला याची नोंद करून. रुमालातून सुटलेला कागद आपली अर्धी साक्ष गमावतो. छायाचित्र काढून झाल्यावर मूळ कागद रद्दीत देण्याचा विचार कोणाच्या मनात येत असेल, तर तो कटाक्षाने टाळावा. शाई, कागद आणि घडी यांची साक्ष प्रतिमेत पुरती उतरत नाही. त्याबरोबरच प्रत्येक गावच्या मंडळात निदान दोन तरुणांनी मोडी शिकावी, एवढी अपेक्षा फार मोठी नाही.

संगणकाने संशोधकाचे पायपिटीचे श्रम वाचवले आहेत. वाचलेला तो वेळ वाचनाला दिला, तरच हे साधन सार्थकी लागले असे आम्ही म्हणू.