'विसर्जन' आणि 'इमर्शन' : एका रूढ पर्यायाची चिकित्सा

इंग्रजी वृत्तपत्रांत गणेशविसर्जनासाठी 'इमर्शन' हा शब्द इतका रुळला आहे की, त्याची योग्यायोग्यता तपासण्याची गरज भाषांतरकारास सहसा भासत नाही. वस्तुतः हे दोन शब्द दोन भिन्न क्रियांची नावे होत.

'इमर्शन'च्या मुळाशी 'मेर्गेरे', म्हणजे बुडविणे, हे लॅटिन क्रियापद आहे. तुलनात्मक व्युत्पत्तिशास्त्र त्याचा संबंध संस्कृत 'मस्ज्' धातूशी जोडते. तेव्हा त्याचे सगोत्र मराठीत शोधावयाचे तर ते 'मज्जन', 'मग्न', 'निमग्न' या शब्दांत सापडतात. धातुपाठात 'मस्ज्'चा अर्थ शुद्धी असा दिला आहे, ही गोष्ट मार्मिक आहे. तेथे बुडण्यामागे स्नानाची कल्पना उभी आहे. 'विसर्जन' मात्र 'वि' उपसर्गपूर्वक 'सृज्' धातूपासून आलेले. सोडणे, निरोप देणे, हा त्याचा गाभा. पाण्याचा त्यात लवलेश नाही. सभा विसर्जित होते, विधानसभाही होते. ती बुडविली असे कोणी म्हणत नाही, निदान कोशाच्या आधारे तरी नाही.

पूजाविधीचा पुरावा याहून बलवत्तर आहे. सत्यनारायणाच्या पूजेअखेर अक्षता वाहून देवतेस निरोप दिला की विसर्जन झाले. त्यासाठी जलाशय लागत नाही. पार्थिव गणपतीच्या बाबतीतही उत्तरपूजा करून मूर्ती जागेवरून किंचित हलविली जाते, तेथेच आवाहित देवतेला निरोप मिळतो. पुढे पाण्यात जाते ती माती. 'इमर्शन' हा शब्द या उत्तरार्धाचे यथार्थ वर्णन करतो, पण पूर्वार्ध गमावतो. आवाहनाशी असलेले विसर्जनाचे नाते त्यात उरत नाही आणि मूर्ती बुडविणे हेच विधीचे साध्य भासू लागते. ही हानी लहान नव्हे.

लोकभाषा अधिक सावध आहे. बुडते ते कर्ज, बुडते ती पेढी. म्हणून 'गणपती बुडविला' हे शब्द श्रद्धाळू तोंडी येत नाहीत. कोकणात गणपती 'पोचवितात', विदर्भात 'शिरवितात'.

उलट दिशेनेही हा पर्याय टिकत नाही. कॅनडात माँट्रियलनजीक सेंट लॅम्बर्ट येथे १९६५ साली इंग्रजीभाषक बालकांना फ्रेंच माध्यमातून शिकविण्याचा प्रयोग सुरू झाला. त्या पद्धतीस 'इमर्शन' म्हणतात. तिला 'भाषाविसर्जन' म्हटले तर अर्थाचा अनर्थ होईल. 'भाषानिमज्जन' कानाला जड आहे खरे, पण खोटे नाही. गणेशोत्सवापुरते तर इंग्रजीनेच 'विसर्जन' हा शब्द जसाच्या तसा स्वीकारावा. बुडविणे याच अर्थाच्या ग्रीक धातूपासून आलेला 'बाप्तिस्मा' मराठीने भाषांतर न करता घेतलाच आहे.