सरणावरून मागे पाहताना

जिवंतपणीच स्वतःचं मरण पाहण्याचा आनंद तुकोबांनी अभंगात गायला. अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांनी (१९३२–२००३) नेमकी उलटी वाट धरली. त्यांच्या एका गाजलेल्या गझलेतला माणूस सरणावर पोचला आहे आणि तिथून आयुष्याकडे पाहतो आहे. जगण्यानं छळ मांडला, मरणानं त्यातून सोडवलं, एवढंच काय ते कळलं, असं तो मतल्यातच, म्हणजे पहिल्या शेरातच, सांगून टाकतो.

भट अडीच वर्षांचे असताना पोलिओनं त्यांचा पाय अधू झाला. हा तपशील त्या छळाला जोडायचा मोह आवरावा. गझलेतली दुखणी शरीराची नाहीत. शब्दांची उधळण करूनही दगडी दुनिया ढिम्म हलली नाही, हे एक. दुसरं घराच्या शोधाचं. ज्या दारानं बोलावलंसं वाटलं, ते मुळात चौकटीतूनच निसटलेलं निघालं. दुरून स्वागत आणि पडझड सारखीच दिसते. आसुसलेल्या माणसाला तर हमखास.

भटांच्या वऱ्हाडात अशा शोधाला देवाचा पत्ता असतो. यावलीचे तुकडोजी महाराज खंजिरीवर भजन धरत, माधानचे गुलाबराव महाराज स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवत. भटांच्या माणसाला आधाराला देव नाही. एक ‘तू’ आहे, पण त्या ‘तू’ला आपली कहाणी ऐकवतानाही त्यानं त्याच ‘तू’चं नाव गाळलं. सरणावर सगळी कबुली देणारा हा माणूस तिथेही ते उच्चारत नाही. मला हा शेर गझलेतला सर्वांत हळवा वाटतो.

प्रत्येक शेर ‘होते’ या रदीफेवर येऊन थांबतो. कळले, उधळले, वगळले असा काफिया बदलत जातो. रदीफ दर वेळी बजावते की हे होऊन गेलं, आता दुरुस्ती नाही. अखेरच्या शेरात मात्र याच भूतकाळात उजेड शिरतो. आशेवर रात्रभर जळत राहिलेला तो मालवतो आणि तेव्हाच आभाळ उजळतं. याला नियतीची थट्टा म्हणता येईल. पण जो रात्रभर आशा धरून होता, त्याचं जगणं निव्वळ छळ कसं असेल? मतल्यात ‘इतकेच’ म्हणून मिटवलेला हिशेब हा शेर पुन्हा उघडतो. सरणावर मिळालेलं ज्ञानही अपुरं ठरवण्याची ही हिंमत, हेच या गझलेचं अध्यात्म.