परशा पीजेनं आला

या वर्षीच्या गणेशोत्सवात आपल्या मंडळानं ‘अशी ही बनवाबनवी’ संगीत नाटकाच्या रूपात उभी केली, त्याला काही आठवडे उलटले. तरी भारतीय किराणा दुकानात दोन मराठी माणसं भेटली की विषय तिथंच जातो. मंडळाचा इतिहास मी इथं उगाळत बसत नाही. चर्चच्या हॉलमधले दिवस, मधली रुसारुशी, दोन वेगळ्या दिवाळ्या आणि मग झालेला समेट, सगळं सभासदांना पाठ आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं; त्याच्यापुढे आपण कालची पोरं. पण कालच्या पोरांनी त्या संध्याकाळी जे केलं त्याची नोंद स्मरणिकेत राहायला हवी. सोबत माझी थोडी कुरकुरही राहू द्या.

मूळ सिनेमा १९८८ चा. दिग्दर्शन सचिन यांचं, संवाद वसंत सबनीसांचे, संगीत अरुण पौडवालांचं. गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून आलेली. राहायला जागा हवी म्हणून दोन पुरुषांनी बायकांची सोंगं घ्यायची आणि प्रेमात पडल्यावर तीच सोंगं गळ्याशी यायची, एवढंच सूत्र. आपल्याकडच्या पहिल्या पिढीला ते समजावून सांगावं लागत नाही. एका खोलीत चौघं राहायचे आणि घरमालकीण आली की दोघं मागच्या दारानं पसार व्हायचे, हे आपल्यातल्या कित्येकांनी केलेलं आहे. त्या पिढीचं हसू त्या दिवशी जरा जास्तच मोठं होतं, ते त्यामुळेच.

सिनेमाचं नाटक करायचं आणि वर त्यात गाणी घालायची, म्हणून सुरुवातीला काहींनी नाकं मुरडली. त्यांना देवलांची आठवण करून द्यावीशी वाटते. मोलियेरचा फार्स इंग्रजीच्या वाटेनं देवलांकडे आला, आधी गद्यात ‘फाल्गुनराव’ झाला आणि १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं तो ‘संगीत संशयकल्लोळ’ म्हणून रंगमंचावर आणला. आज त्याला कोणी परका म्हणतं का? आमच्या पाचोऱ्याकडं तर ही शंका कोणाच्या मनातही आली नसती. खानदेशातल्या जत्रांमध्ये तमाशाच्या फडावर रंगबाजी सुरू झाली की सिनेमातली गाणी हक्कानं वाजायची आणि मग वग लागायचा. शिवाय सबनीस म्हणजे ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणारे. त्यांच्या संवादांतला खट्याळपणा मुळात वगातलाच, तो परत रंगमंचावर आला इतकंच.

अवघड होतं ते वेगळंच. सिनेमात दृश्य कापलं की पुरुषाची बाई होते. रंगमंचावर लुगडं नेसायला वेळ लागतो. गाणी रचणारे आपले नाना पहिल्याच बैठकीत म्हणाले होते, ‘गाणं कुठं घालायचं ते लुगडं ठरवेल.’ तसंच झालं. परशाची पार्वती होताना पुढे चौघी नायिकांचं गाणं, सुधीरची सुधा होताना घरमालकाचं गाणं. वेशभूषेच्या ताईंनी शिवलेल्या नऊवारीला वेल्क्रो लावला, टोपाखाली पोहण्याची टोपी बसवली आणि विंगेत मोबाइलवर सेकंद मोजत उभ्या राहिल्या. बदल तीन कडव्यांत बसेना म्हणून नानांनी रातोरात चौथं कडवं लिहिलं. नाटकातली गाणी सगळी नवी, नानांनी लिहिलेली आणि पेटीवर बसवलेली. सिनेमातली गाणी ट्रॅकवर लावून पोरांना ओठ हलवायला सांगणं सोपं होतं. नानांनी ते होऊ दिलं नाही, हे त्यांचे उपकार मंडळ सात जन्म फेडू शकणार नाही.

नाना खानदेशातले, म्हणून परशाही खानदेशातला झाला. आपल्या नाटकातला परशा जामनेरहून पीजेनं पाचोऱ्याला उतरतो आणि तिथून पुण्याची गाडी पकडतो. पीजे म्हणजे आमची पाचोरा–जामनेर नॅरो गेज, छप्पन्न किलोमीटरची. करोनाच्या काळात बंद पडली ती पुन्हा धावली नाही. आता तिथं ब्रॉडगेजचं काम काढलंय. इथं जन्मलेल्या मुलांनी ती कधी पाहिलेली नाही. त्यांनी जेवणाचे स्टीलचे डबे आणि शाळेच्या खुर्च्या वाजवून तिचा ठेका धरला आणि डब्यांची रांग होऊन रंगमंचावर एक फेरी मारली. पाचोऱ्याचा माणूस म्हणून सांगतो, गाडीची चाल अगदी बरोबर होती. ती चढावर जशी दम खायची तशीच.

पण खरा कळस म्हणजे डोहाळजेवणाचा प्रवेश. झोपाळ्यावर कागदी फुलं, पार्वती हिरव्या साडीत, भोवती ओटी भरायला बायका. गाणं रंगात आलं आणि पार्वतीच्या टोपाची वेणी झोपाळ्याच्या तारेत अडकली. मान हलवली की टोप मागे सरकतोय, हे पहिल्या दोन रांगांना स्पष्ट दिसत होतं. पेटीवर नानांचा हात थांबला. पार्वती झालेला मुलगा विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे, घरी आईशीही अर्ध्याहून जास्त इंग्रजीत बोलणारा. त्यानं एका हातानं टोप दाबला, दुसरा कपाळाला लावला आणि सुरात ओरडला, ‘माले चक्कर यी राहिनी व माय!’ हे संहितेत नव्हतं. सुधा झालेल्यानं ‘जीव घाबरलाय तिचा’ म्हणत पदरानं वारा घालायचं निमित्त केलं आणि वेणी सोडवली. नानांनी पेटी पुन्हा उचलली ती थेट अंतऱ्यावर. टाळ्या इतक्या लांबल्या की पुढचं कडवं दोनदा म्हणावं लागलं.

ती अहिराणी त्या मुलाला कोणी शिकवली नव्हती. रविवारच्या तालमीला भरीत आणि कळण्याची भाकरी यायची, नाना आणि वहिनी एकमेकांशी त्यांच्या बोलीत भांडायचे, ते त्याच्या कानावर पडलं होतं. प्रयोग तीन तासांचा, टाळ्या घेऊन संपतो. भाषा मुलांच्या अंगात जाते ती तालमीत. एवढं एकच मला या लेखात सांगायचं आहे.

म्हणूनच तडजोडींची यादीही मांडतो. संहिता निम्म्या मुलांना रोमन लिपीत द्यावी लागली. ‘ळ’ आणि ‘ल’ यांचा गोंधळ शेवटपर्यंत निस्तरला नाही. घरमालकीण ‘लीलाबाई काळभोर’ कधी ‘कालभोर’ झाल्या. तबलजी ऐनवेळी गैरहजर, म्हणून दोन गाण्यांना लॅपटॉपचा ताल. हॉल वेळेत रिकामा करायचा म्हणून नायिकांपैकी सुषमाचा एक आख्खा प्रवेश कापला. आणि इंग्रजी विनोद मराठीपेक्षा जास्त हशा घेऊन गेले, हे मला खटकलं ते खटकलंच.

तुलनेला एक मोठं नाटक घेतो. २०२५ च्या उन्हाळ्यात आपल्यातले बरेच जण गाड्या करून मँचेस्टरच्या ऑपेरा हाऊसला ‘कम फॉल इन लव्ह’ बघायला गेले होते. १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया’चं ते संगीत नाट्यरूप, दिग्दर्शक आदित्य चोप्राच, संगीत विशाल-शेखरचं. २०२२ मध्ये सॅन दिएगोला ते पहिल्यांदा झालं तेव्हा नायक राजचा गोरा ‘रॉग’ झाला म्हणून गहजब झाला. मँचेस्टरलाही रॉगच राहिला. रोषणाई डोळे दिपवणारी, पण नाटक इंग्रजीत. आपल्याला तो पैसा नाही आणि तो बाजारही नाही. आपल्याला नायकाचं नाव बदलण्याची गरज पडली नाही, कारण आपण आपल्याच माणसांसाठी खेळत होतो. हे मोठेपण आहे की आपल्या मर्यादा, यावर कार्यकारिणीत वाद झाला आणि तो व्हायलाच हवा.

काळजी मात्र आहे. पार्वती पुढच्या वर्षी शेवटच्या वर्षाला जाईल, मग नोकरीच्या गावी. खालच्या वर्गांतली मुलं नाटकात यायला तयार आहेत, तालमीला नाहीत. फोटो हवेत, पाठांतर नको. दोष त्यांचा एकट्यांचा नाही. आपण पालक त्यांना दारात सोडतो आणि गाडीत बसून फोन बघतो. घरी त्यांनी मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत देतो आणि मग ‘संस्कृती टिकली पाहिजे’ म्हणत देणगीचा चेक फाडतो. संस्कृती चेकवर टिकत नसते, मंडळी.

तेव्हा तीन गोष्टी. पुढच्या नाटकाचा सिनेमा मुलांना निवडू द्या, तो आपल्याला आवडो न आवडो. दिग्दर्शनही त्यांच्यातल्याच कोणाकडे द्या. पहिलं वाचन देवनागरीतून करा, महिना जास्त लागला तरी चालेल. आणि तालमीला दाराशी थांबू नका, आत या. ज्याला गाता येत नाही त्यानं भाकरी आणावी. नानांचे गुडघे आता जिने चढू देत नाहीत, पेटी उचलायला दोन धडधाकट माणसं हवी आहेत. नावं सचिवांकडे द्या, दिवाळीच्या आधी.